कुठला कागद उघडायचा

आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, हॉलमधले ट्यूबलाइट परत लागले आणि प्रसादाच्या रांगेत उभी असताना मागून काकांचा आवाज आला. "अगं, ते वाइतांगीचं काय एवढं घेऊन बसलेत हे लोक? भाषांतरात चूक झाली, झाली. दोनशे वर्षं व्हायला आली आता. दुरुस्त करायची आणि पुढे जायचं." २०२४ चा सप्टेंबर होता, बाहेर वेलिंग्टनचा वारा दारं आपटत होता, कापराचा वास आणि ओल्या जॅकेटांचा वास एकमेकांत मिसळला होता, आणि त्या आठवड्यात बातम्यांमध्ये दुसरं काही नव्हतंच, न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी आणि ब्रिटिश राणी यांच्यात १८४० मध्ये झालेल्या वाइतांगी कराराची 'तत्त्वं' कायद्यात नव्याने लिहून काढायचं विधेयक संसदेत येणार म्हणून सगळीकडे तोच विषय. काका म्हणजे आमच्याकडे नवीन आलेल्या प्रत्येक कुटुंबाला एअरपोर्टवरून घरी आणणारा माणूस. स्वतःच्या घरातले हीटर उचलून देणारा. त्यांच्या बोलण्यात खुन्नस अजिबात नव्हती, त्यांना खरंच तसं वाटत होतं. रांग पुढे सरकली, कुणीतरी माझ्या हातात शिऱ्याची वाटी दिली, विषय तिथेच राहिला. डोक्यातून मात्र जाईना. 'भाषांतरातली चूक.' हे दोन शब्द मी इथे आल्यापासून इतक्या जणांच्या तोंडून ऐकलेत, गोऱ्यांच्या, भारतीयांच्या, चिन्यांच्या, आणि दर वेळी ते ऐकलं की काहीतरी टोचतं.

मी मूळची वसईची. शाळेच्या इतिहासात आमच्या गावाच्या नावाचा एक तह होता, ३१ डिसेंबर १८०२, दुसरा बाजीराव, तैनाती फौज, संपलं. त्या तहानंतरच्या लढाईत असईला मराठी फौजांना हरवणारा आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि आज मी ज्या शहरात राहते त्याला त्याचं नाव आहे. इथे खंडाला नावाचं उपनगरही आहे, हो, आपलंच लोणावळ्याजवळचं खंडाळा, भारतातून परत आलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याने घराला ते नाव ठेवलं आणि मग अख्ख्या वस्तीला तेच चिकटलं. आजूबाजूला गँजेस रोड, सिमला क्रेसेंट, दिल्ली क्रेसेंट. इथे नवीन असताना या पाट्या बघून मला किती आनंद व्हायचा, आईला फोटो पाठवायचे. मग हळूहळू लक्षात आलं की त्या टेकडीची त्याआधीची नावं मला माहीतच नाहीत, आणि ती पुसली गेली म्हणून तर माझ्या ओळखीची नावं तिथे लागू शकली. तो आनंद गेला असं नाही म्हणणार. आता त्यात अजून काहीतरी मिसळलेलं असतं एवढंच.

गणपतीनंतरच्या आठवड्यात मी लंच अवरमध्ये नॅशनल लायब्ररीत गेले. संसदेच्या अगदी समोर आहे. तिथे रिमू नावाच्या इथल्याच झाडाच्या लाकडाची एक गोल खोली बांधलीये, आत थंडगार, उजेड इतका कमी की डोळे सरावायला वेळ लागतो, आणि काचेखाली कराराचे ते कागद. कागद म्हणजे एक नाही, नऊ. वाइतांगीला ६ फेब्रुवारी १८४० ला सह्या झाल्या तो मोठा, चामड्याचा, आणि मग देशभर फिरवलेले बाकीचे. जवळपास ५४० रांगातिरांच्या, म्हणजे टोळीप्रमुखांच्या सह्या, त्यात किमान १३ बायका. कुणी नाव लिहिलंय, कुणी नुसती फुली, आणि कित्येकांनी स्वतःच्या चेहऱ्यावरच्या गोंदणाचा, मोकोचा एक तुकडा काढलाय. एक छोटंसं वळण, शाईत. तो मुख्य कागद खालून आणि कडेने कुरतडलेला आहे, मोठमोठी भोकं पडलीयेत त्याला. सरकारी इमारतीच्या तळघरात तो वर्षानुवर्षं पडून होता, पाणी लागलं, उंदरांनी खाल्लं, १९०८ मध्ये एका इतिहाससंग्राहक डॉक्टरांना तो त्या अवस्थेत सापडला. देशाचा पायाच ज्याला म्हणतात तो कागद! आणि तो कुणी मुद्दाम नष्ट केला नव्हता. त्याची कुणाला गरजच पडली नव्हती इतकी वर्षं. मला तेच जास्त लागलं.

त्या नऊ कागदांपैकी आठ माओरी भाषेत आहेत आणि एकच इंग्रजीत. हे आधी वाचलेलं होतं, पण समोर ओळीने मांडलेलं बघितलं की वेगळंच वाटतं. इंग्रजी कागदावर ३९ सह्या. बाकी पाचशेच्या आसपास लोकांनी ज्या कागदावर हात टेकवला तो माओरी होता. आणि त्या ३९ जणांनाही इंग्रजी वाचून पटलं होतं असं काही नाही, वायकातो नदीच्या मुखाशी मिशनऱ्याकडे तो कागद होता म्हणून त्यावर सह्या झाल्या, समजावून सांगणं सगळं माओरीतच झालं होतं.

म्हणजे मूळ कुठलं आणि भाषांतर कुठलं?

कागदोपत्री बघाल तर इंग्रजी मसुदा आधी तयार झाला हे खरंच. इथला गव्हर्नर व्हायला आलेला कॅप्टन विल्यम हॉब्सन २९ जानेवारी १८४० ला उत्तरेकडच्या बे ऑफ आयलंड्समध्ये, जिथे वाइतांगी आहे तिथे, उतरला, लंडनहून त्याला सूचना होत्या की इथल्या लोकांची मोकळ्या मनाने आणि समजून-उमजून दिलेली संमती घे. चारपाच दिवसांत त्याने आणि आधीपासून इथे असलेल्या ब्रिटिश प्रतिनिधीने, जेम्स बझबीने, मसुदा खरडला, तो ४ तारखेला संध्याकाळी हेन्री विल्यम्स या मिशनऱ्याच्या हातात पडला, आणि त्याने आणि त्याच्या एकवीस वर्षांच्या मुलाने, एडवर्डने, एका रात्रीत माओरीत उतरवला. सकाळी सभा. दोन्ही बापलेकांना माओरी उत्तम यायची, एडवर्डला तर अस्खलित. इंग्रजी मसुद्यात पहिल्या कलमात टोळीप्रमुख राणीला सार्वभौमत्व देऊन टाकतात, संपूर्णपणे. माओरीत तिथे आलं 'कावानातांगा'. कावाना म्हणजे गव्हर्नर, म्हणजे गव्हर्नरकी. हा शब्द लोकांनी ऐकला होता, बायबलच्या माओरी अनुवादात पिलात हा कावाना आहे, आणि सिडनीला जाऊन आलेल्यांनी तिथला गव्हर्नर बघितलेला. आणि दुसऱ्या कलमात इंग्रजी म्हणते की जमिनी, जंगलं, मासेमारीच्या जागा यांचा निर्वेध ताबा माओरींकडे राहील, पण माओरीत तिथे आहे 'तिनो रांगातिरातांगा', जमिनीवर, गावांवर आणि सगळ्या 'ताओंगा'वर, जे जे मोलाचं आहे त्यावर. आता रांगातिरातांगा म्हणजे काय हे त्या लोकांना विचारायची गरज नव्हती. 'तुझे राज्य येवो' ही ख्रिस्ती प्रार्थना ते रोज म्हणत होते आणि त्यातल्या 'राज्या'साठी हाच शब्द होता. म्हणजे राणीला गव्हर्नरकी आणि राज्य आमचं आमच्याकडे, असा तो कागद कानाला लागतो. अजून एक गोष्ट आहे ती मला सगळ्यात जास्त खटकते. पाचच वर्षं आधी, १८३५ मध्ये, याच भागातल्या रांगातिरांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा केला होता, त्याचं माओरीही याच हेन्री विल्यम्सच्या हातचं, आणि तिथे सार्वभौम सत्तेसाठी त्याने 'कींगितांगा' आणि 'मना' हे शब्द वापरले होते. मना, म्हणजे माणसाचा अधिकार आणि प्रतिष्ठा! तो शब्द १८४० च्या कागदात नाही. आपला मना दुसऱ्याला देऊन टाकतो असं कुणी वाचून दाखवलं असतं तर त्या मंडपात एकानेही सही केली नसती असं आज बरेच जण म्हणतात, आणि मलाही तेच पटतं. विल्यम्सने नंतर लिहिलंय की ज्या इंग्रजी शब्दांना माओरीत नेमका शब्द नाही ते टाळावे लागले, पण कराराचा आशय सगळा जपला. त्याच्या मनात काय होतं हे मी कोण सांगणार. माओरींना वाचून दाखवायचं म्हणून सगळं गोड करून लिहिलं की खरोखर त्याला वाटत होतं की राणीचं राज्य आलं तर दारू विकणारे आणि जमिनी लाटणारे गोरे आटोक्यात येतील आणि माओरी तगतील? दोन्ही असू शकतं. माणसं एकाच वेळी दोन्ही असतात. त्याने स्वतःही हजारो एकर जमीन घेतलेली होती हेही तेवढंच खरं.

पण ५ फेब्रुवारीला तो कागद वाचून दाखवल्यावर पुढे जे झालं ते मला भाषांतराहून महत्त्वाचं वाटतं. बझबीच्या घरासमोरच्या हिरवळीवर जहाजाच्या शिडांचा मंडप, वर झेंडे, समोर गव्हर्नर युनिफॉर्ममध्ये, आणि दिवसभर भाषणं. विल्यम कोलेन्सो नावाचा मिशनचा छपाईवाला तिथे होता, त्याने टिपणं ठेवली म्हणून आज ती वाचता येतात. 'ते केमारा' नावाचा एक रांगातिरा उठला आणि म्हणाला की सगळे बरोबरीचे असणार असतील तर ठीक, पण गव्हर्नर वर आणि ते केमारा खाली, किड्यासारखा सरपटणार, असं असेल तर नको. आणि तिथेच विल्यम्सकडे बघून म्हणाला, माझी जमीन परत दे. रेवा नावाचा दुसरा रांगातिरा म्हणाला गव्हर्नरने परत जावं. बराच वेळ वातावरण विरोधातच होतं. मग तामाती वाका नेने हा रांगातिरा उभा राहिला, म्हणाला आता उशीर झालाय, गोरे आलेत, व्यापार आलाय, तू राहा, पण आमच्या चालीरीती जप आणि आमच्या जमिनी हिसकावू देऊ नकोस. हे वाचताना मला नेहमी वाटतं की यात कुणीही फसलेला भोळा माणूस नाहीये. हे राजकारण करणारे लोक आहेत, नेमका धोका कुठे आहे ते ओळखून, अटी घालून, समोरच्याला शब्द द्यायला लावणारे. त्यांच्यासाठी करार म्हणजे ती भाषणं. जे तोंडाने सांगितलं, सगळ्यांसमोर, ते. कागद ही त्याची खूण. दुसऱ्या दिवशी जेवणाचा शिधा कमी पडला म्हणून मंडळी परत जायला निघाली, सभा खरं तर ७ तारखेला ठरलेली, हॉब्सनला जहाजावरून घाईघाईने बोलावलं तर तो साध्या कपड्यांत फक्त नौदलाची टोपी घालून आला. सह्या सुरू होणार तेवढ्यात कोलेन्सोने विचारलं की यांना कलमं समजलीयेत असं आपल्याला वाटतं का. हॉब्सनचं उत्तर साधारण असं होतं की मला जेवढं करता आलं तेवढं मी केलं, त्यांना कळलं नसेल तर माझा दोष नाही. पहिली सही होने हेकेची. प्रत्येकाला दोन ब्लँकेटं आणि थोडी तंबाखू. आणि प्रत्येक सहीनंतर हॉब्सन म्हणत होता, 'हे इवि ताही तातौ', आपण आता एकच लोक. ते केमारा आणि रेवाच्याही सह्या आहेत त्या कागदावर.

ऑफिसात माझ्या शेजारी एक माओरी बाई बसतात, वयाने मोठ्या, सगळे त्यांना फाएआ म्हणतात, म्हणजे मावशीसारखंच, मीही तेच म्हणते. मी एकदा त्यांना या शब्दांच्या फरकाबद्दल विचारलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, आमच्या घरात या करारात कधी काही संदिग्ध नव्हतंच. आम्हाला एकच कागद माहीत होता. दुसरा आहे हे आम्हाला कोर्टात कळलं.

उत्तरेला काइताइयाला नोपेरा पानाकारेआओ नावाच्या रांगातिराने सही करताना जे म्हटलं ते इथे प्रत्येकाला पाठ असतं, जमिनीची सावली राणीकडे गेली, खरी जमीन आपल्याकडे राहिली. किती नेमकं समजलं होतं त्याला, माओरी कागदाचं याहून चांगलं सार कुणी काढलेलं नाही. वर्षभरातच त्याने ते उलटं करून सांगितलं, खरी जमीन राणीकडे गेली, आपल्याकडे सावली राहिली. हे अंतर एका वर्षात पडलं, आणि ते काही विल्यम्सच्या त्या रात्रीमुळे पडलेलं नाही. २१ मे १८४० ला, सह्या गोळा करणं अजून चालू असताना, हॉब्सनने अख्ख्या देशावर ब्रिटिश सार्वभौमत्व जाहीर करून टाकलं. इंग्रजी मसुद्यात असंही होतं की जमीन विकायची तर राणीलाच, माओरीत हे मक्तेदारीचं कलम नीट उतरलेलंच नाही, पण अंमल झाला तो इंग्रजीचा. ऑकलंडला ङाती फातुआ लोकांनी गव्हर्नरला वसायला ३००० एकर दिले, ३४१ पौंडांचे पैसे आणि माल मिळून. काही महिन्यांत त्यातल्या ४४ एकरांची सरकारने पुढे विक्री केली, २४,२७५ पौंडांना. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा वाटलं छपाईची चूक आहे. आणि होने हेके, ज्याची पहिली सही, त्याने १८४४-४५ मध्ये कोरोरारेकाच्या टेकडीवरचा ब्रिटिश झेंड्याचा खांब चार वेळा तोडला. चार वेळा! लोक ते वाचून त्याला बंडखोर म्हणतात. मला तो करार वाचलेला माणूस वाटतो.

१८६३ मध्ये सरकारी फौजा मंगातावहिरीचा ओढा ओलांडून वायकातोत घुसल्या आणि मग कायदा करून तिथल्या माओरींची साधारण बारा लाख एकर जमीन जप्त केली. ऑकलंडहून दक्षिणेला गाडीने जाताना जी बॉम्बे हिल्स लागते ना, जिथे आपले सगळे लोक उतरून पाटीबरोबर फोटो काढतात, ते नाव बॉम्बे नावाच्या जहाजाचं आहे, त्यातून वसाहतवाले आले तेही १८६३ मध्येच. तो ओढा तिथून फार लांब नाही. मग १८७७ मध्ये सरन्यायाधीश प्रेंडरगास्टने एका खटल्यात वाइतांगीचा करार चक्क शून्यवत ठरवला, ज्यांना राज्य म्हणून अस्तित्वच नव्हतं त्यांच्याशी करार कसला असं म्हणून. म्हणजे सार्वभौमत्व घ्यायचं होतं तेव्हा ते द्यायला माओरींकडे होतं, आणि दिलेला शब्द पाळायची वेळ आली तेव्हा त्यांच्याकडे कधी काही नव्हतंच.

आता यात भाषांतराची चूक कुठे आहे?

मला खरंच हे काकांना विचारायचं होतं. कारण चूक म्हटलं की ती कुणाचीच राहत नाही. रात्रीचा दिवा होता, वेळ कमी होता, शब्द सापडला नाही, बिचारे. पण समजा विल्यम्सचं भाषांतर कितीही ढिसाळ असलं, तरी नंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत प्रत्येक गव्हर्नरने, प्रत्येक न्यायाधीशाने, प्रत्येक मंत्र्याने सकाळी कचेरीत बसताना कुठला कागद उघडायचा हे स्वतः ठरवलं. आणि इंग्रजी कागदातसुद्धा जमिनी, जंगलं, मासेमारी माओरींचीच राहतील असं स्वच्छ लिहिलेलं होतं की! म्हणजे त्यांच्या स्वतःच्या भाषेतला कागदसुद्धा पाळला गेला नाही. दोन मजकुरांतला फरक खरा आहे, त्यावर पुस्तकं लिहिली गेलीत आणि लिहिली जावीत, पण मला भीती वाटते की त्या फरकाच्या आड साधी गोष्ट लपते, की दिलेला शब्द मोडला.

तो माओरी कागद परत उघडला गेला तो काही आपोआप नाही. १९७२ मध्ये रूथ रॉस या इतिहासकार बाईंनी सगळे मजकूर शेजारी शेजारी ठेवून दाखवलं की इंग्रजी प्रतीसुद्धा आपापसात जुळत नाहीत आणि खरा सही झालेला करार माओरीच आहे. १९७५ मध्ये व्हिना कूपर, वय ७९, देशाच्या उत्तर टोकाच्या 'ते हापुआ' गावाहून माओरींच्या जमिनीसाठी चालत निघाल्या आणि महिनाभराने हजारो लोकांसह संसदेसमोर आल्या. नातीचा हात धरून धुळीच्या रस्त्यावर पाठमोऱ्या चाललेल्या आजींचा तो फोटो बहुतेकांनी बघितला असेल. त्याच वर्षी करार मोडल्याच्या तक्रारी ऐकणारा वाइतांगी लवाद स्थापन झाला. १९७७-७८ मध्ये ऑकलंडच्या बॅस्टियन पॉइंटवर त्याच ङाती फातुआ लोकांनी, ३००० एकर देणाऱ्यांच्या पणतवंडांनी, उरलेला तुकडा वाचवायला ५०६ दिवस तंबू ठोकून मुक्काम केला आणि मग पोलिसांनी येऊन २२२ जणांना उचललं. भाषेचं प्रकरणही याच लवादापुढे गेलं, आमची भाषा हीसुद्धा ताओंगा आहे आणि तिचं रक्षण करायचं तुम्ही कबूल केलंय म्हणून, आणि १९८७ मध्ये माओरी अधिकृत भाषा झाली. आज माझा मुलगा शाळेत सकाळी जी प्रार्थना म्हणतो ती त्या एका शब्दामुळे. त्याच वर्षी अपील कोर्टाने म्हटलं की करार म्हणजे भागीदारी आहे, दोन्ही बाजूंनी सद्भावनेने वागायचं. १९९५ मध्ये वायकातोच्या जप्तीबद्दल लेखी माफी झाली आणि त्या कायद्यावर राणी एलिझाबेथने स्वतः वेलिंग्टनला येऊन सही केली. आणि २०१४ मध्ये लवादाने स्पष्ट लिहिलं की १८४० च्या फेब्रुवारीत ज्या रांगातिरांनी सह्या केल्या त्यांनी सार्वभौमत्व दिलेलं नव्हतं. सरकारचं म्हणणं त्यावर एवढंच की सार्वभौमत्व आहे ते आमच्याकडेच आहे.

काकांचं दुसरं वाक्यही मला सोडून द्यायचं नाहीये, कारण ते आपल्यातल्या पुष्कळांच्या मनात आहे. "आपण इथे कष्टाने आलो ना, व्हिसाचे पॉइंट मोजून, कुणी काही फुकट दिलं नाही. मग कायदा सगळ्यांना सारखा असावा, एवढंच तर ते विधेयक म्हणतंय." हे ऐकताना माझ्या आत काहीतरी हो म्हणतं. परदेशात परक्या रंगाच्या माणसाला 'सगळे समान' या वाक्याचा आधार असतो, नोकरीच्या इंटरव्ह्यूला जाताना, घर भाड्याने शोधताना तेच तर हवं असतं. पण याच देशाने १९२० मध्ये कायदा केला होता की ब्रिटिश वंशाचे नसाल तर आधी परवानगी मागा, आणि तो आपल्यासारख्यांना बाहेर ठेवण्यासाठीच होता. तेव्हाही आपण ब्रिटिश राजाचेच प्रजाजन होतो. समानतेचा अर्थ बहुसंख्य लोक आपल्या मतांवर ठरवतात तेव्हा कुणाच्या वाट्याला काय येतं हे आपण विसरावं असं मला नाही वाटत. आणि समान हक्क तर कराराच्या तिसऱ्या कलमात पहिल्यापासून आहेतच, दोन्ही भाषांत. त्यासाठी दुसरं कलम पातळ करायची काय गरज? विधेयकाचा माझ्या मते खरा दोष तोच होता की दोघांनी केलेल्या कराराचा अर्थ एकाने बसून नव्याने लिहायचा आणि मग दुसऱ्याला म्हणायचं की मत द्या, बहुमत आमचं आहे.

त्या नोव्हेंबरमध्ये हीकोई आली, उत्तरेहून निघालेला तो मोर्चा. १४ तारखेला संसदेत हाना-राफिती माइपी-क्लार्क या तरुण खासदार मुलीने विधेयकाची प्रत फाडून हाका, म्हणजे माओरींचं आवेशाचं समूहनृत्य, सुरू केला तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी बघितलाय, भारतातून मला किती जणांनी फॉरवर्ड केला. १९ तारखेला मी ऑफिसातून खाली उतरले तर रस्ता दिसतच नव्हता, पोलिसांच्या अंदाजाने ४२,००० माणसं, लाल-काळे-पांढरे झेंडे, पिसांचे झगे, लहान पोरं खांद्यावर, आज्या व्हीलचेअरवर, आणि इतके लोक असूनही कुठे धक्काबुक्की नाही, मधूनच एक गाणं उठायचं आणि ते लाटेसारखं मागे जायचं. माझ्या शेजारी एक पंजाबी टॅक्सीवाले आजोबा पाण्याच्या बाटल्या वाटत होते. एका मुलीच्या हातातल्या बोर्डवर 'तांगाता तिरिती' लिहिलं होतं, ती चिनी वंशाची होती. हा शब्द इथे आता रुळलाय. कराराच्या आधारे इथे राहणारी माणसं, म्हणजे गोरे, आणि आता मी, काका, आमचं अख्खं मंडळ. १९८९ मध्ये लवादाचे अध्यक्ष न्यायमूर्ती एडी ड्यूरी यांनी वाइतांगी दिनाच्या भाषणात तो अर्थ मांडला, की गोऱ्यांचाही इथे राहायचा हक्क आहे आणि तो त्यांना या करारानेच दिलाय. मला हे फार मोठ्या मनाचं वाटतं. ज्यांचं सगळं गेलं त्यांच्यातलाच एक माणूस म्हणतोय की तुम्ही इथले आहात, आणि हा बघा त्याचा कागद.

आता व्हिसा मला सरकारने दिला, म्हणजे कावानाने. त्या कावानाला इथे बसायची परवानगी पहिल्या कलमाने दिली, आणि ती परवानगी दुसऱ्या कलमाच्या भरवशावर दिली गेली. मग दुसरं कलम हलवलं तर माझ्या पायाखालचं काही हलत नाही का? जानेवारीत संसदीय समितीला सूचना पाठवायच्या होत्या. रात्री मुलगा झोपल्यावर बसून मी साधारण हेच लिहिलं, पानभर. मी वसईहून आलेली मराठी बाई आहे, माझा इथला हक्क या कराराच्या पहिल्या कलमातून येतो असं मी समजते, म्हणून दुसऱ्या कलमाला, ज्यांचं ते आहे त्यांच्या संमतीशिवाय हात लावू नये. काकांनाही पाठवायला सांगितलं, जे वाटतं ते लिहा म्हटलं. त्यांनी पाठवलं, विधेयकाच्या बाजूने. त्यांनी ते मला वाचून दाखवलं आणि माझं वाचायला मागितलं, दोन वेळा वाचलं, 'कोर्टात कळलं' हे त्या बाईंचं वाक्य खरं का म्हणून विचारलं. तीन लाखांहून जास्त लेखी सूचना गेल्या, त्यातल्या ९० टक्के विरोधात. १० एप्रिल २०२५ ला विधेयक ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं.

त्या दिवशी ऑफिसात केक होता. फाएआंनी एक तुकडा घेतला आणि त्या मीटिंगला गेल्या. त्या ङापुही, होने हेकेच्या, ते केमाराच्या, रेवाच्या, वाका नेनेच्या मुलखातल्या. जुन्या अन्यायांबद्दल सरकारशी वायकातोचा समझोता १९९५ मध्ये झाला, दक्षिणेच्या ङाई ताहूंचा १९९८ मध्ये. वाइतांगीला ज्यांनी सगळ्यात आधी हात टेकवला त्या ङापुहींचा, देशातल्या सगळ्यात मोठ्या इवीचा, म्हणजे टोळीचा, एकत्रित समझोता अजून झालेला नाही.